आधीच मानलेले आभार

शिकवणी संपली की प्रशिक्षकाला टिप द्यायची असते का, हा प्रश्न मला सुरतेत कधी कुणी विचारला नाही. इथली माणसं विचारत बसत नाहीत, देऊन मोकळी होतात. स्कूबा डायव्हिंग, म्हणजे पाठीवर हवेची टाकी बांधून पाण्याखाली श्वास घेत फिरणं, हे मी सोळा-सतरा वर्षं खासगी शिकवलं. कधी वेसूच्या एका क्लबात, कधी डुमस रोडच्या फार्महाउसच्या तलावात. त्या काळात मला घारी या सुरती मिठाईचे डबे मिळाले, साड्या मिळाल्या, पाकिटं मिळाली आणि ओळख ना पाळख अशा लग्नांची आमंत्रणंही मिळाली. ड्रेसचं कापड तर इतकं आलं की एका दिवाळीला माय वैतागून म्हणाली, पुढच्या गिऱ्हाइकाला सांग, आता शिंपी पाठवा.

मी सुरतेतल्या डिंडोलीची. आप्पा, म्हणजे माझे वडील, अमळनेर तालुक्यातून पांडेसऱ्याच्या कापड कारखान्यात कामाला आले आणि मी इथेच वाढले. पालिकेच्या तलावात पोहायला शिकले, पुढे तिथेच मुलींना शिकवू लागले. नौदलातून निवृत्त झालेल्या एका पाणबुड्या सरांनी सुरतेत डायव्हिंगचे वर्ग काढले, तेव्हा त्यांना बाई हवी होती, कारण श्रीमंत घरांतल्या सुना पुरुषाकडून शिकायला तयार नव्हत्या. मला काम मिळालं ते असं. सरांनी मला जे शिकवलं त्यातलं निम्मं पाण्याचं होतं आणि निम्मं माणसांचं. पाण्याचं मी नीट शिकले.

बाहेरच्यांना वाटतं, या धंद्यात पोहणं महत्त्वाचं. तसं नाही. महत्त्वाचा आहे श्वास. खोल पाण्यात दाब जास्त, त्यामुळे टाकीतून छातीत येणारी हवा दाबलेली असते. वर येताना दाब कमी होतो आणि तीच हवा फुगते. अशा वेळी श्वास रोखला तर ती बाहेर पडू शकत नाही आणि फुप्फुस फाटतं. म्हणून पहिल्या दिवसापासून आम्ही एकच घोकून घेतो, काहीही झालं तरी श्वास कोंडायचा नाही. वर यायचंच झालं, तर तोंडानं ‘आऽऽ’ म्हणत यायचं. आवाज निघतोय म्हणजे हवा निघतेय.

दुसरी गोष्ट मास्कची. डोळ्यांवरचा हा काचेचा चष्मा नाकही झाकतो. खाली कुणाची लाथ लागली तर तो निघतो आणि नाकात पाणी जातं. पाणी नाकाला लागलं की शरीर आपोआप श्वास थांबवतं. ते ऐकायचं नाही. नाक उघडं असताना तोंडानं श्वास घेत राहायचं, मास्क परत लावायचा, नाकानं फुंकून त्यातलं पाणी काढायचं. काहींना हे दोन दिवसांत जमतं, काहींना कधीच जमत नाही. ज्याला जमत नाही त्याला तसं सांगणं हे आमच्या पेशातलं सगळ्यात अवघड काम.

हंसाबांना सांगायची वेळ आली नाही. सहासष्ट वर्षांच्या हंसाबांना समुद्र बघायचा नव्हता, प्रमाणपत्राचा कागद नको होता. नातवंडांचं पाहून त्यांना एकदा पाण्याच्या तळाशी बसायचं होतं. पंजाबी ड्रेस घालून त्या उतरल्या, मांडी घातली आणि पंधरा मिनिटं हलल्या नाहीत. वर आल्यावर म्हणाल्या, घरात चौदा माणसं आहेत, इतकं शांत मला लग्नानंतर आज पहिल्यांदा वाटलं. जाताना त्यांनी माझ्या डोक्यावरून हात फिरवला. असं कुणी काही दिलं की मी घेत असे. काम झाल्यावर जे मिळतं ते घ्यायला हरकत नसते.

किरीटभाईंनी ते आधीच द्यायला सुरुवात केली.

किरीटभाईंचं पांडेसऱ्यात प्रोसेस हाउस आहे. कोरं कापड तिथे धुऊन रंगवतात. ते त्यांच्या वडिलांनी काढलं होतं आणि माझ्या आप्पांनी तिथल्याच जेट मशीनवर एकोणतीस वर्षं काढली. जेट म्हणजे मोठं बंद पिंप, त्यात उकळत्या रंगातून कापड फिरत राहतं. त्या वाफेत आप्पा बारा-बारा तास उभे असत. त्यांच्या नखांचा रंग रोज वेगळा असे. शाळेत आम्ही बहिणी त्यावरून ओळखायचो की आज कोणत्या रंगाचा माल चालला आहे.

पहिल्या दिवशी किरीटभाईंनी सहज विचारलं, कुठल्या तुम्ही? मी सांगितलं. वडील तुमच्याकडेच होते हेही सांगून टाकलं. त्यांनी आप्पांचं नाव विचारून घेतलं. दुसऱ्या दिवसापासून मला ‘टीचर’ म्हणू लागले. त्यांच्या पत्नी भावनाबेन माझ्यासाठी रोज घरून डबा आणत. शिकवणी झाली की तिघं तलावाकाठी बसून खायचो. नोकर वाढायला पुढे आला तर किरीटभाई त्याला थांबवत आणि स्वतः माझ्या ताटात वाढत. घरी येऊन मी हे सांगितलं की आप्पा ऐकून घेत आणि काही वेळानं पुन्हा विचारत, त्यांनी स्वतः वाढलं?

दोघांच्या लग्नाला पंचवीस वर्षं होत होती. अंदमानला जाऊन दोघांनी एकत्र पाण्याखाली जायचं, ही भावनाबेनची इच्छा. तिकिटं काढून झाली होती. अशा वेळी शिक्षण दोन भागांत होतं. तलावातले धडे मी सुरतेत घ्यायचे आणि विद्यार्थी तयार आहे असं फॉर्मवर सही करून द्यायचं, मग समुद्रातल्या डुबक्या तिथल्या प्रशिक्षकानं करून घ्यायच्या. तो प्रशिक्षक मला ओळखत नसतो. त्याच्यापुढे फक्त माझी सही असते.

भावनाबेन चटकन शिकल्या. किरीटभाईंना बाकी सगळं जमलं, मास्क जमला नाही. नाकाला पाणी लागलं की ते ताडकन उभे राहत. तलाव पाच फुटांचा असेल तिथे उभं राहता येतं. मी त्यांना सांगितलं, समुद्रात उभं राहायला जागा नसते. ते हसून म्हणाले, होईल टीचर. नऊ दिवस प्रयत्न केले. दहावा दिवस शेवटचा होता.

त्या दिवशी मी क्लबवर पोचले तर तलावाकाठी खुर्चीवर आप्पा बसले होते. किरीटभाईंनी गाडी पाठवून त्यांना आणलं होतं, मला न सांगता. आप्पांनी धुतलेला पांढरा सदरा घातला होता, अंगावर किरीटभाईंनी घातलेली नवी शाल होती. भावनाबेननी त्यांच्यासमोर फराळाची ताटली ठेवली होती, तिला त्यांनी हात लावला नव्हता. पाण्यात उतरण्यापूर्वी किरीटभाई आप्पांच्या पाया पडले. शेठचा मुलगा. आप्पांनी घाईघाईनं पाय मागे घेतले, मग काय करावं न कळून दोन्ही हात जोडले.

आम्ही खोल बाजूला गेलो. पहिल्या खेपेला किरीटभाईंनी मास्क काढला आणि दोन श्वासांत वर पळाले. दुसऱ्या खेपेला त्यांनी एका हातानं शिडी घट्ट धरली, दुसऱ्या हातानं मास्क जरासा उचलला, थोडं पाणी आत घेतलं आणि फुंकून काढलं. हे निम्मंसुद्धा नव्हतं. मास्क पूर्ण काढायचा असतो आणि कशालाही धरायचं नसतं. ते माझ्याकडे बघत होते. मी अंगठा आणि बोट जुळवून ‘ठीक’ची खूण केली.

वर आल्यावर भावनाबेननी टाळ्या वाजवल्या. किरीटभाई आप्पांना मोठ्यानं म्हणाले, काका, तमारी दीकरीए मने पास कर्यो, तुमच्या लेकीनं मला पास केलं. मी फॉर्म काढला आणि सही केली. मनाशी म्हटलं, तिथेही तपासतातच.

अंदमानात दुसऱ्या डुबकीला, दहा मीटरवर, शेजारच्या माणसाचा पाय लागून किरीटभाईंचा मास्क निघाला. ते श्वास कोंडून सरळ वर सुटले. तिथल्या प्रशिक्षकानं, सेल्वम त्याचं नाव, त्यांचा पाय धरून वेग कमी करायचा प्रयत्न केला. त्यांच्या लाथेनं सेल्वमच्या तोंडातली श्वासाची नळीही सुटली. बोटीवर घेतलं तेव्हा किरीटभाई शुद्धीवर होते, पण उजवी बाजू हलत नव्हती. फुप्फुसातून हवेचे बुडबुडे रक्तात शिरून मेंदूकडे गेले होते. अशा माणसाला उच्च दाबाच्या बंद खोलीत ठेवून उपचार करतात. ते वेळेवर मिळाले म्हणून जीव वाचला.

संध्याकाळी सेल्वमचा फोन आला. मी तोवर त्याचा आवाजही ऐकलेला नव्हता. त्यानं हळू आवाजात विचारलं, “मॅडम, मास्क का स्किल पूरा किया था ना उन्होंने?”

मी म्हटलं, “फॉर्म पे लिखा है ना.”

“हां, लिखा तो है,” तो म्हणाला आणि त्यानं फोन ठेवला.

मी खोटं बोलले नाही, असं मी स्वतःला पुढे कितीतरी दिवस सांगत राहिले.

चार दिवसांनी भावनाबेनचा फोन आला. त्या रडत होत्या आणि माझे आभार मानत होत्या. डॉक्टर म्हणाले होते, वरच्या शेवटच्या टप्प्यात यांनी थोडी तरी हवा सोडली म्हणून बचावले. किरीटभाईंना तेवढं आठवलं होतं, टीचरचं ‘आऽऽ’. तुम्ही त्यांना वाचवलंत, असं त्या पुन्हा पुन्हा म्हणत राहिल्या. मी ते ऐकून घेतलं. या पेशात मला खूप काही मिळालं, पण जे घेताना मला स्वतःची किळस आली असं ते एकच.

पुढच्या आठवड्यात कळलं की चौकशी संपेपर्यंत सेल्वमला कामावरून थांबवलं आहे. विद्यार्थी तलावातून तयार होऊन आला होता, कागद तसं सांगत होता, म्हणजे चूक समुद्रातल्या माणसाची. त्याचं सगळं घर त्या कामावर चालत होतं. हे मला त्याच्याकडून नाही, दुसऱ्याकडून कळलं.

त्या रात्री मी ताट अर्ध्यावरच बाजूला सारलं. मायनं विचारलं काय झालं, तेव्हा मी दोघांना सगळं सांगितलं. शिडीचं सांगितलं, सहीचं सांगितलं, सेल्वमचं सांगितलं. मला वाटलं होतं, आप्पांना धक्का बसेल. त्यांनी ताटातला हात थांबवला आणि खाली बघत म्हणाले,

“त्या दिनले त्यानाघाई जमनं नही, हाई माले काठवरथीन दिसी ऱ्हायनं व्हतं. माले वाटनं, तू बोलशी.”

त्याला जमलं नाही हे आप्पांना काठावरून दिसत होतं. त्यांना वाटलं होतं, मी बोलेन. ज्यांनी आयुष्यात तलावात पाय घातला नाही, त्यांना दिसलं होतं. मी त्यांच्या मानासाठी गप्प बसले, असं इतके दिवस मी समजत होते. तो मान त्यांनी माझ्याकडे मागितलाच नव्हता.

सकाळी मी प्रशिक्षकांना मान्यता देणाऱ्या आमच्या संस्थेला पत्र लिहिलं. काय घडलं, कोणता धडा अपुरा होता, सही का केली, सगळं. एक प्रत अंदमानला पाठवली, एक किरीटभाईंच्या घरी. त्यांच्यापुढे जाऊन उभं राहायचं धैर्य माझ्यात नव्हतं, ते आजही कबूल करते. संस्थेनं माझा शिकवण्याचा अधिकार दीड वर्षासाठी काढून घेतला. क्लबानं दुसरी व्यक्ती नेमली. सेल्वमला कामावर परत घेतलं. मी त्याला माफीचा लांबलचक मेसेज पाठवला, त्याला त्यानं उत्तर दिलं नाही. त्याचं ते बरोबरच होतं. त्यानं लाथ खाऊन त्या माणसाचा पाय धरून ठेवला होता आणि मी फॉर्मकडे बोट दाखवलं होतं.

दोन-अडीच महिन्यांनी किरीटभाई डिंडोलीला आमच्या घरी आले. भावनाबेन बरोबर होत्या. गाडी गल्लीत शिरत नव्हती, म्हणून नाक्यापासून ते चालत आले. उजवा पाय जरा ओढत होते. कापडाचा पोत बोटांत चोळून ओळखणारा हा माणूस, आता त्यांच्या उजव्या बोटांना कापड जाणवतच नव्हतं. आप्पांनी खुर्ची पुढे केली. मी उभीच राहिले. मला वाटलं, बोलणी खायची वेळ आली.

किरीटभाई गुजरातीत बोलू लागले. आप्पांना ती कळते, तरी किरीटभाई वाक्यागणिक आप्पांकडे बघून थांबत होते. म्हणाले, पत्र वाचलं. पत्रात एक गोष्ट राहिली आहे, ती तुम्हाला ठाऊक नाही. मला जमत नाही हे मला आठव्या दिवशीच कळलं होतं. तुम्ही नाही म्हणणार हे तुमच्या चेहऱ्यावर दिसत होतं. तिकिटं काढलेली, सगळ्या नातेवाइकांना सांगून झालेलं.

“काकांना मी त्यांच्या मानासाठी आणलं नव्हतं,” ते म्हणाले. “ते समोर असतील तर तुम्हाला नाही म्हणता येणार नाही, म्हणून आणलं. मी व्यापारी माणूस आहे. समोरच्याला कुठे धरायचं ते मला कळतं.”

भावनाबेननी मान खाली घातली. त्यांना हे आधी माहीत नसावं.

आप्पा उठले, आत गेले आणि क्लबवरची ती शाल घेऊन आले. त्या दिवसानंतर तिची घडी त्यांनी मोडली नव्हती. किरीटभाईंच्या मांडीवर ठेवली. ते म्हणाले, काका, ही तरी राहू द्या.

“इतली थंडी नही पडत आठे,” आप्पा म्हणाले, इथे कुठली एवढी थंडी. मग मायला चहा टाकायला सांगितलं आणि सगळ्यांचा चहा होईपर्यंत बसून राहिले.

निघताना किरीटभाईंनी माझ्याकडे एक मागणं मागितलं. आता टाकी बांधून पाण्यात जायला डॉक्टरांनी त्यांना कायमची मनाई केली होती. पण अंदमानपासून अंघोळीला डोक्यावर पाणी घेतलं की त्यांचा श्वास अडकत होता. भावनाबेन मान मागे धरून ओंजळीनं त्यांचं डोकं धूत. पन्नाशीच्या आतल्या माणसाला हे सांगताना काय वाटलं असेल ते मला दिसत होतं. त्यांना फक्त नाकाला पाणी लागलेलं सहन करायला शिकायचं होतं. कागद नको, समुद्र नको.

मी आधी डॉक्टरांची चिठ्ठी मागितली. ती आली. टाकीशिवाय, छातीएवढ्या पाण्यात, डॉक्टरांची हरकत नव्हती. यासाठी संस्थेचा अधिकारही लागत नव्हता. फार्महाउसच्या तलावात आम्ही पुन्हा सुरुवात केली. डबा आणायचा नाही, असं मी भावनाबेनना पहिल्याच दिवशी सांगितलं. त्यांनी ऐकलं.

धडा साधा होता. मास्क न लावता, तोंडात एक वाकडी नळी धरायची, जिचं टोक पाण्याच्या वर राहतं. चेहरा पाण्यात घालायचा आणि नाक उघडं ठेवून नळीतून श्वास घ्यायचा. हात पाठीमागे बांधायचे, काठाला धरायचं नाही. असे सलग तीस श्वास. मी वहीत तारीख आणि आकडा लिहीत जायचे. पहिल्या दिवशी दोन श्वास झाले. पुढच्या आठवड्यात चार झाले आणि मग पुन्हा दोनावर आले. एकदा ते इतके घाबरले की मी त्यांना धरून पायऱ्यांवर बसवलं. दुसऱ्या महिन्यात अकरा झाले. मग सतरा. एके दिवशी भावनाबेन म्हणाल्या, आज सकाळी त्यांनी स्वतः डोक्यावरून तांब्या ओतला.

होळीच्या आधीचा तो आठवडा होता. किरीटभाईंनी चेहरा पाण्यात घातला. मी शेजारी उभी राहून मोजत होते. वीस झाले, पंचवीस झाले. खांदे सैल होते, नळीतून श्वास एका लयीत येत होता. अठ्ठाविसाव्याला त्यांना खोकला आला आणि ते उभे राहिले. काठावर भावनाबेन हात जोडून उभ्या होत्या. इतके श्वास इतक्या दिवसांत कधीच झाले नव्हते. मला वाटलं, झालं की हे. दोन श्वासांनी काय बिघडतं? मी वही उघडली आणि पेन हातात घेतलं.

किरीटभाईंनी डाव्या हातानं चेहऱ्यावरचं पाणी निपटलं आणि माझ्या पेनकडे बघितलं.

“अठ्ठावीस,” ते म्हणाले. “पूरा नथी थया. अठ्ठावीस ज लखजो, टीचर.”

तीस पूर्ण झाले नव्हते. मी अठ्ठावीस लिहिले.